आस्वानहून रेल्वेने लक्सर: एका दिवसात मंदिरं आणि थडगी

इजिप्तमध्ये आस्वानला मुक्काम असेल आणि हातात एकच दिवस मोकळा असेल, तर रेल्वेने लक्सर करून रात्री परत येता येतं. अंतर साधारण २१० किलोमीटर, गाडीला तीन ते साडेतीन तास लागतात. टूरवाले शक्यतो मोटारच गळ्यात मारतात, कारण वाटेत कोम ओंबो आणि एद्फूची मंदिरं उरकता येतात. पण त्या नादात लक्सरच्या वाट्याला दुपारचे चार तास उरतात, आणि लक्सरला चार तास म्हणजे नुसतं तोंड दाखवून परतणं. आम्ही रेल्वे धरली. गाइड आणि मोटार लक्सरची ठरवली, गाइडने स्टेशनवर भेटायचं.

पूर्ण दिवसाची आखणी एका गोष्टीवर करावी लागते. सकाळची गाडी आस्वानहूनच सुटणारी निवडा, म्हणजे ती बहुधा वेळेवर निघते. संध्याकाळची परतीची गाडी मात्र कैरोहून आलेली असते. लक्सरला पोचेपर्यंत तिने साडेसहाशेहून जास्त किलोमीटर तोडलेले असतात, आणि तेवढ्या रस्त्यात साठलेला उशीर आपल्या पदरात पडतो. तास-दीड तास उशीर धरूनच चालावं. म्हणून लांबची ठिकाणं आधी, स्टेशनजवळचं सगळ्यात शेवटी. गाइडने उलटा क्रम सुचवला तर ऐकू नका.

तिकिटं आदल्या दिवशी, जातायेताची दोन्ही, एकदम काढावीत. परदेशी प्रवाशांना भाडं वेगळं असतं आणि पासपोर्ट मागतात. वातानुकूलित डबाच घ्या. उन्हाळ्यात वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तचा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि साध्या डब्याच्या खिडकीतून धूळ आत येते. डबा आणि आसन क्रमांक अरबी अंकांत असतात, तेव्हा ते आदल्या रात्री डोळ्यांखालून घालावेत. टिंब म्हणजे शून्य. पोकळ गोल म्हणजे पाच, आणि आपल्याला तो हमखास शून्य वाटतो, म्हणून १५ नंबरचा माणूस १० वर जाऊन बसतो. वर उघडणारा कोन सात, खाली उघडणारा आठ. सहाचा अंक इंग्रजी सातासारखा दिसतो. अक्षरं उजवीकडून डावीकडे असली तरी संख्या डावीकडूनच वाचायची.

जाताना गाडीच्या तोंडाकडे बघून डावीकडची खिडकी मागावी. इथे रूळ नाईलच्या पूर्व काठाने जातात, त्यामुळे उत्तरेकडे निघालं की नदी डाव्या हाताला येते. कोम ओंबोच्या आसपास मैलोगणती ऊस दिसतो. साखर कारखान्याला तो अरुंद रुळांवरच्या छोट्या वाघिणींतून जातो, सांगली-कोल्हापूरच्या माणसाची मान आपोआप तिकडे वळते. कोम ओंबो आणि एद्फू यांच्या मध्ये गेबेल अल-सिलसिला लागतं. नदी अरुंद होते आणि काठाचे डोंगर सरळ कापल्यासारखे दिसतात. ते खरोखर कापलेलेच आहेत. लक्सरच्या कर्नाक मंदिराच्या खांबांना लागलेला वालुकाश्म इथल्या खाणींतून होड्यांनी गेला. ग्रॅनाइट आस्वानचा, वालुकाश्म सिलसिलाचा, आणि लक्सरच्या डोंगरात पोचलं की चुनखडी. थडगी त्या चुनखडीत कोरली आहेत. दगड बदलला की कोरीवकामही बदलतं, तेव्हा हा क्रम डोक्यात ठेवून उतरलं तर दिवसभर उपयोगी पडतो.

लक्सरला उतरल्यावर पहिला प्रश्न नदी ओलांडण्याचा. राजांचं खोरं, म्हणजे फारोंची थडगी, पश्चिमेला, स्टेशन पूर्वेला. पूल गावाच्या दक्षिणेला दूर आहे, त्यावरून गेलं तर पाऊण तास जातो. लक्सर मंदिरासमोरच्या धक्क्यावरून प्रवासी फेरी सुटते आणि दहा मिनिटांत पलीकडे नेते. मोटार पलीकडच्या धक्क्यावरच उभी करायला आधी सांगून ठेवलं, तर जाताना-येताना मिळून जवळजवळ तास वाचतो. गाइड हे आपणहून सुचवत नाहीत. त्यांच्याशी आधीच ठरवायची दुसरी गोष्ट म्हणजे अलाबास्टरचा कारखाना आणि पपायरसचं दुकान नको. ‘पाच मिनिटं फक्त’ म्हणून नेतात आणि चहा पाजून पाऊण तास घेतात. परवाना असलेल्या गाइडकडे पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असतं. ते बघायला मागितलं तर कुणी रागावत नाही.

पश्चिम काठावर तिकिटांचं एक त्रांगडं आहे. राजांचं खोरं आणि फारो झालेल्या राणी हत्शेप्सुतचं मंदिर यांच्या खिडक्या तिथल्या तिथे. मदिनत हाबू आणि रामेसियम ही मंदिरं, देर अल-मदिना आणि सरदारांची थडगी यांची तिकिटं मात्र मेमनॉनच्या पुतळ्यांच्या पुढच्या एका कचेरीत मिळतात, जागेवर नाही. मंदिराच्या दारात पोचून परत फिरणारे लोक तिथे रोज दिसतात. पैसे व्हिसा किंवा मास्टरकार्डाने द्यायचे, रोख बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून ठेवा, आणि एका कार्डाच्या भरवशावर राहू नका.

राजांच्या खोऱ्याच्या साध्या तिकिटात तीन थडगी येतात. तुतनखामन, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रामसेस यांची तिकिटं वेगळी. उघडी थडगी अदलून-बदलून ठेवतात, त्यामुळे घरून यादी करून येण्यात अर्थ नाही, खिडकीवरचा फलक बघायचा. गाइडला थडग्यात बोलायची परवानगी नाही. तो बाहेरच चित्रं दाखवून समजावतो आणि आपण एकटे आत जातो. म्हणून बाहेर त्याला नेमकं विचारा: कुठल्या भिंतीवर काय, आणि छत कुठे बघायचं?

तिसऱ्या रामसेसचं थडगं (क्र. ११) उघडं असेल तर ते सोडू नका. सरळ जाणारी वाट मध्येच उजवीकडे सरकते आणि मग पुन्हा सरळ जाते. हे काम त्याचा बाप सेतनाख्त याच्या वेळी सुरू झालं होतं. खोदता खोदता कारागिरांनी शेजारच्या थडग्यात (क्र. १०) भोक पाडलं आणि काम थांबलं. पुढे मुलाने तेच थडगं घेतलं आणि वाट बाजूला सरकवून डोंगरात आत नेली. तीन हजार वर्षांपूर्वीचा बांधकाम खात्याचा घोळ पायांखालून जाणवतो. जादा पैसे एकाच ठिकाणी टाकायचे असतील तर पाचव्या-सहाव्या रामसेसच्या (क्र. ९) थडग्यावर टाका. आतल्या खोलीच्या छतावर आकाशदेवी नूत पाठीला पाठ लावून दोनदा काढली आहे, एकदा दिवसाची, एकदा रात्रीची. तुतनखामनचं थडगं (क्र. ६२, सापडलं ४ नोव्हेंबर १९२२ ला) लहान आहे आणि रंगवलेली खोली एकच. खजिना आता गीझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे. ममी मात्र इथेच. भिंतींवरचे तपकिरी ठिपके नीट बघा. ते जुन्या सूक्ष्मजीवांचे डाग आहेत, १९२० च्या दशकातल्या फोटोंतही ते दिसतात आणि तेव्हापासून वाढलेले नाहीत.

आत हवा दमट आणि गरम असते, शेकडो माणसांच्या श्वासाने. गुडघे कुरकुरत असतील तर तिसऱ्या थुतमोसचं थडगं (क्र. ३४) टाळा, उंच लोखंडी जिना चढून मग तेवढंच आत उतरायचं आहे. रखवालदार टॉर्च मारून ‘इकडे, इकडे’ करतात, नंतर हात पुढे येतो. नको असेल तर सुरुवातीलाच हसून मान हलवा. हवं असेल तर दहा-वीस पाउंडांच्या सुट्या नोटा खिशात असू द्या, मोठ्या नोटेची मोड कुणाकडेच नसते.

हत्शेप्सुतचं मंदिर भर दुपारी टाळलं तरी चालेल, असं माझं मत. उतारावर सावलीचा पत्ता नाही आणि रस्त्यावरून त्याची रचना छान दिसते. मधल्या मजल्यावरचे पुंत देशाच्या सफरीचे देखावे, मुळांसकट टोपल्यांतून नेलेली सुगंधी झाडं, तेवढ्यासाठी जायचं तर सकाळीच. त्या वेळात आम्ही देर अल-मदिना आणि मदिनत हाबू केलं. देर अल-मदिना म्हणजे ही थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांची वस्ती. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी धान्याचा पगार थकला म्हणून इथल्याच लोकांनी काम टाकून संप केला. सेनेजेम या कारागिराच्या थडग्याच्या पायऱ्या उभ्या आणि दार बुटकं, पाठपिशवी वर ठेवून उतरा. आत रंग कालच सुकल्यासारखे.

मदिनत हाबूच्या भिंतीवरची अक्षरं इतकी खोल कोरली आहेत की पंजा आत जाईल. पुढच्या राजाने आपलं नाव घालायला ती खोडू नयेत, यासाठी ही तजवीज. आतल्या भिंतीवर लेखनिक शत्रूचे तोडलेले हात ढिगाने मोजताहेत, तेही बघून ठेवा.

जेवण पश्चिम काठावरच उरका. शाकाहारी माणसाची पंचाईत होत नाही. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, चणे, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. ताआमेया म्हणजे वालासारख्या फावा दाण्यांची तळलेली वडी. माणशी दोन-तीन लिटर पाणी गाडीत असू द्या.

तीनच्या सुमारास फेरीने परत, आणि तडक कर्नाक. बंद व्हायच्या तासभर आधी प्रवेश थांबवतात. हिवाळ्यात ऊन लवकर उतरतं, तेव्हा आधी फाटकावर वेळ विचारा. पहिल्या दारातून आत गेल्यावर उजवीकडे वळून मागे बघा: भिंतीला लागून कच्च्या विटांचा उतार अजून पडून आहे. दगड वर चढवायला केला होता, काम अर्धवट राहिलं म्हणून काढला गेला नाही. मग १३४ खांबांचा मंडप. मधले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच, त्यांचा माथा उमललेल्या पपायरस लव्हाळ्याचा, बाकीच्यांचा मिटलेल्या कळीचा. हत्शेप्सुतचा सुमारे ३० मीटरचा अखंड ग्रॅनाइटचा सुळका (ओबेलिस्क) सकाळी सोडलेल्या आस्वानहूनच आला. खाणीतून तो काढायला सात महिने लागले, असं तिने त्याच्यावर कोरून ठेवलं आहे.

लक्सर मंदिर रात्रीपर्यंत उघडं असतं आणि तिथून स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटांवर, म्हणून शेवटी तेच. दारातल्या दोन सुळक्यांपैकी एक जागेवर आहे, दुसरा १८३६ पासून पॅरिसच्या चौकात. गाइडला इथेच मोकळं केलं तर चालतं. पण त्याआधी त्याच्याकडून स्टेशनवर फोन करवून गाडी किती उशिराने धावते ते विचारून घ्यावं. उशीर मोठा असेल तर फलाटावर ताटकळण्यापेक्षा मंदिरातच बसावं. फलाटाचा नंबर आयत्या वेळी बदलतो, घोषणा अरबीत होते. तिकीट हातात धरून शेजारच्याला ‘आस्वान?’ एवढं विचारलं तरी माणसं डब्यापर्यंत आणून सोडतात. बहुतेक गाड्या आस्वानलाच संपतात, त्यामुळे डोळा लागला तरी फार पुढे जायची भीती नाही.