मागून येणाऱ्याला काय दिसतं

रात्री सायकल चालवणाऱ्याला पूर्वी लोक कुत्र्यांबद्दल विचारायचे. अजूनही विचारतात, पण ब्रेव्हे, म्हणजे शेकडो किलोमीटर ठरलेल्या वेळात सायकलने पार करायची मोहीम, करणारी मंडळी वाढल्यापासून एक प्रश्न सारखा येतो: मागचा दिवा लुकलुकता ठेवायचा की स्थिर? पाठोपाठ दुसरा असतोच, किती लुमेनचा घेऊ? लुमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच छापलेले असतात, त्याला कोण काय करणार.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एक दिवा स्थिर हवाच. लुकलुकत्याची हौस असेल तर तो दुसरा लावा. आणि घोट्याला बांधलेली रेडियमची पट्टी या दोघांइतकीच कामाची आहे. हे शेवटचं ऐकून लोक हसतात, म्हणून जरा सविस्तर.

घटकाभर सायकलवरून उतरा आणि मागून येणाऱ्या गाडीत बसा. नीरा-बारामतीसारखा दोन पदरी रस्ता. समोरून येणाऱ्याने अप्पर मारलाय, डिप्पर द्यायचं त्याच्या गावीही नाही. तुमचा वेग ताशी ८०, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. काहीतरी दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात तीसेक मीटर संपले. गाडी थांबायला आणखी तेवढेच तरी लागणार. आणि डिप्परच्या उजेडात गडद कपड्यांतला सायकलवाला दिसायला लागतो तोच मुळी तीस-चाळीस मीटरवर. बाजूने काढावं म्हटलं तर समोरून गाडी येतेय. म्हणजे सगळी मदार सायकलवाला आधीच, शंभर-दीडशे मीटरवरून दिसण्यावर.

पण दिसणं वेगळं आणि उमजणं वेगळं. अंधारात एक लाल ठिपका दिसतो. तो सायकलचा आहे, एक टेललाइट गेलेल्या टेम्पोचा आहे, की धाब्यावरच्या माळेतला? आणि किती लांब आहे? एखादी वस्तू डोळ्यासमोर किती भराभर मोठी होतेय, यावरून आपण तिचं अंतर ओळखतो. ठिपका मोठा होतच नाही, अगदी जवळ येईपर्यंत. त्यात तो लुकलुकणारा असेल तर दर वेळी विझतो आणि नजरेला पुन्हा शोधावा लागतो. लुकलुकता दिवा लक्ष चटकन वेधतो, यात वाद नाही. पण एकदा लक्ष गेलं की नजरेला धरून ठेवायला काहीतरी लागतं, आणि ते काम स्थिर दिव्याचं.

यावर जगाचंही एकमत नाही. जर्मनीत सायकलला लुकलुकता दिवा चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतो, फक्त मिनिटाला ६० ते २४० च्या दरम्यान लुकलुकला पाहिजे. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटर आणि ९० तासांची मुदत, जिच्यासाठी आपल्याकडचेही बरेच जण वर्षानुवर्षं तयारी करतात, तिथे लुकलुकत्या दिव्यांना मनाई. मी जर्मनांच्या बाजूचा. त्याचं एक कारण स्वार्थीही आहे: ज्याच्या मागे रात्रभर सायकल चालवायची त्याचा दिवा पूर्ण ताकदीने फडफडत असेल, तर पहाटेपर्यंत मैत्री टिकत नाही.

आता लुमेनचं. रात्रीसाठी वीस ते पन्नास लुमेनचा स्थिर दिवा भरपूर झाला. शंभर-दीडशेवाले असतात ते भर दिवसा, उन्हात दिसावं म्हणून. लुमेनपेक्षा आधी तो दिवा कुठे बघतोय ते पाहा. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, मागे कललेला असतो. दिवा त्याला नुसता आवळला की त्याचं तोंड खाली होतं. फ्रेमचा नेहमीचा कोन धरला तर उजेडाचा झोत तुमच्या मागे अडीच मीटरवर डांबरात घुसतो. रस्ता छान लाल दिसतो, गाडीवाल्याला मात्र उरलासुरला उजेड मिळतो. चांगल्या दिव्याबरोबर रबराची एक छोटी पाचर येते ती यासाठीच. ती बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते.

पाचर लावली तरी वर काय लोंबतंय ते बघा. सॅडल बॅग दिव्यावर टेकलेली असते. पावसाळ्यात रेनकोटचा घोळ मागे पसरतो आणि दिवा आत, कोटाच्या अस्तराला उजेड दाखवत बसतो. हे चालवणाऱ्याला कधीच कळत नाही. सायकल स्टँडवर असताना सगळं ठीक दिसतं. म्हणून कुणाला तरी बसवून, पूर्ण सामानानिशी, पन्नास पावलं मागे जाऊन बघायचं.

आणि बॅटरी. खोक्यावरचे ‘४० तास’ हे लुकलुकत्या मोडचे असतात. फुल स्थिर ठेवला तर तोच दिवा चार-पाच तासांत मान टाकतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाला सूर्य बुडतो आणि सातच्या आसपास उगवतो, म्हणजे अंधार तेरा तास. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला वेळ असतो वीस तास, ४०० ला सत्तावीस. रात्र गाठणारच. ब्रेव्हेचा नियमही सांगतो की अंधारात पुढचा आणि मागचा दिवा चालूच पाहिजे, अंगावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पाहिजे. जादा दिवा जवळ ठेवा असा आग्रहही असतो. मागचा दिवा विझल्याची बातमी चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी मिळते. म्हणून दोन दिवे, दोघांचं चार्जिंग वेगळं, आणि मोड कमी उजेडाचा पण स्थिर.

जुन्या लोकांना डायनामो आठवत असेल. टायरला घासत फिरणारी ती बाटली, ६ व्होल्ट, ३ वॅट, आणि त्यातला बराचसा पुढच्याच दिव्याला. सायकल थांबली की काळोख. तरीही दिवा नाही म्हणून पोलीस अडवायचे, त्या धाकाने लोक दिवा लावायचे. डायनामो विझल्यावर मागे उरायचा मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर. आताच्या महागड्या सायकली घरी आणल्या की पहिलं काम काय होतं, तर तो रिफ्लेक्टर काढला जातो. प्लास्टिकचा असतो, शोभत नाही म्हणे.

शोभत नाही म्हणणाऱ्याने तो एकदा जवळून बघावा. आत बारीक बारीक घरं असतात. प्रत्येक घरात तीन पृष्ठं एकमेकांना काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळते तशी. अशा कोपऱ्यात शिरलेला प्रकाश तिन्हींवर आपटतो आणि जिथून आला त्याच दिशेला परत जातो. आरशासारखा भलतीकडे जात नाही. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या पेटीत असेच १०० कोपरे आहेत, आणि पृथ्वीवरून सोडलेला लेझर त्यांच्यावरून अजून परत येतो. बॅटरी लागत नाही, चार्जिंग विसरायची सोय नाही.

मग नुसत्या रिफ्लेक्टरवर भागेल का? नाही, आणि ते घरीच करून बघता येतं. गच्चीवर रात्री सायकल उभी करा, दहा मीटर मागे जा. मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी लगत, कानशिलाला टेकवून धरा. रिफ्लेक्टर पेटल्यागत दिसेल. आता टॉर्च हळूहळू कमरेपर्यंत खाली आणा, उजेड रिफ्लेक्टरवरच ठेवून. तो विझत जातो. प्रकाश परत जातोय तो टॉर्चकडे, तुमच्या डोळ्यांकडे नाही. ट्रकवाल्याचं नेमकं हेच होतं. कारमध्ये डोळे आणि हेडलाइट यांत अंतर कमी. ट्रकमध्ये ड्रायव्हर बसतो उंच, हेडलाइट राहतात खाली बंपरपाशी. त्यामुळे तोच रिफ्लेक्टर कारवाल्यापेक्षा ट्रकवाल्याला मंद दिसतो. हेडलाइट गेलेल्या गाडीला तर तो दिसतच नाही, वळणावर दिसत नाही, चिखल बसला की कुणालाच दिसत नाही. जिथे रिफ्लेक्टर कमी पडतो तिथे दिवा, दिवा विझला तिथे रिफ्लेक्टर. जर्मनीचा नियम दोन्ही मागतो. दिवा आहे म्हणून रिफ्लेक्टर माफ नाही.

राहिली घोट्याची पट्टी. ब्रिटनमध्ये १९८५ नंतरच्या सायकलींना पेडलवर पिवळे रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत, आणि कारण पट्टीचंच. पाठीवरचं जॅकेट दिसतं, पण ते जागच्या जागी असतं; रस्त्याच्या कामावरचा पिंप किंवा पाटीसुद्धा तशीच चमकते. घोटे मात्र वर-खाली, वर-खाली होत असतात, एक वर तेव्हा दुसरा खाली. ही हालचाल डोळा लहानपणापासून ओळखतो. एकदा मित्राला पुढे सायकलवर धाडून मी मागून स्कूटरवर गेलो होतो, उसाच्या पट्ट्यातल्या अंधाऱ्या रस्त्यावर. त्याचा लुकलुकता दिवा बराच आधी दिसला, पण तो पन्नास मीटरवर आहे की दोनशे, सांगता येईना. हेडलाइटचा उजेड पायांपर्यंत पोचला आणि दोन चंदेरी पट्ट्या पेडल मारताना दिसल्या, तेव्हा पुढे सायकल आहे, माणूस आहे, आणि तो चढावर दमलाय, हे सगळं एकदम कळलं. रात्री ड्रायव्हरांना सायकलवाला ओळखू येतो का यावर ऑस्ट्रेलियात प्रयोग झालेत, त्यांतही जॅकेटच्या जोडीला घोट्या-गुडघ्यांवर पट्ट्या असतील तर ओळखणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं.

जाता जाता जॅकेटचंही सांगतो. पोपटी-पिवळा रंग दिवसा झगझगतो तो उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. हेडलाइटमध्ये ते जवळजवळ नसतात. रात्री तो साधा फिकट कपडा. चमकतो तो त्यावरचा चंदेरी पट्टाच. त्यात काचेचे डोळ्यांना न दिसणारे मणी असतात, आणि जॅकेट वॉशिंग मशीनमध्ये घातलं की ते हळूहळू गळतात. हाताने धुवा, पिळू नका. तेच जॅकेट सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात निम्म्याहून कमी दरात मिळतं, सायकलच्या दुकानात कशाला जायचं.

हे सगळं ब्रेव्हेवाल्यांसाठी झालं. पण रात्री सायकल खऱ्या अर्थाने कोण चालवतं? एमआयडीसीतून तिसरी पाळी संपवून निघालेला कामगार, वॉचमन, पहाटेचा दूधवाला. यांना लुमेन कुणी विचारत नाही. यांच्यासाठी रेडियमवाला. गाड्यांवर नावं आणि नंबर कापून लावणारा, स्पेअर पार्टच्या गल्लीत हमखास सापडतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना मागून रेडियम लावायची मोहीम होते, तोच माल. मागच्या मडगार्डला लाल, पेडलच्या कडांना पिवळा, चाकाच्या रिमवर आतून चार तुकडे, म्हणजे आडव्या येणाऱ्यालाही सायकल दिसते. पांढरा मागे लावू नका, पांढरं दिसलं की समोरून गाडी येतेय असं वाटतं. आणि विकत घेताना मोबाइलचा टॉर्च मारून बघा, कारण त्या दुकानात नुसतं रंगीत स्टिकरही रेडियम म्हणूनच मिळतं आणि ते काडीचंही चमकत नाही.

आमच्या दूधवाल्याच्या सायकलला हे करायला गेलो तर वेगळीच अडचण. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन लटकतात आणि वर पिशवी, मडगार्ड दिसायलाच जागा नाही. मग पट्टी कॅनलाच लावली, मागच्या अंगाला, हात जिथे लागत नाही तिथे. त्याची काही हरकत नव्हती. फक्त म्हणाला, कॅन धुतल्यावर निघायला नको, आणि लावताच आहात तर ‘जय मल्हार’ पण कापून घ्या. रेडियमवाल्याने घेतलं कापून, लाल रंगातच.