वर्गणी नको, खुराक द्या

पोराच्या रेसिंगसाठी मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते उद्यमनगरातल्या एका हार्डवेअरवाल्या शेठपुढं. वीस वर्षांची ओळख. मोटोक्रॉस म्हणजे काय, मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल कशी उडते, पोरगं नोव्हिस म्हणजे नवशिक्यांच्या गटात उतरतंय, सगळं पाच मिनिटं सांगितलं. शेठनी गल्ला उघडला, पाचशे एक रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पावती पुस्तक आणलंय न्हवं?"

चूक त्यांची नव्हती. कोल्हापुरात ओळखीचा माणूस दुकानात येऊन "जरा मदत पाहिजे होती" म्हणाला की समोरच्याचा हात आपोआप वर्गणीच्या आकड्याकडं जातो. पुढच्या महिनाभरात मला असे सात ठिकाणी पैसे मिळाले. एकूण चार हजारच्या आत. त्यात टायरची एक जोडीसुद्धा आली नसती.

माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पोरगं एकोणीस वर्षांचं, डिप्लोमा करतंय. 28 जानेवारी 2024 ला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, ती बघायला मित्रांबरोबर गेलं आणि परत आलं ते डोक्यात किडा घेऊन. आमच्याकडं रेसिंगचं तसं नवल नाही, मोहितेंचा गो-कार्ट ट्रॅक इथलाच. पण कार्टिंग डांबरावर चालतं, हे मातीत. जुनी एक्सपल्स 200 घेतली ऐंशी हजाराला, कारण नवशिक्याला परदेशी मोटोक्रॉस गाडीचं नाव काढण्यात अर्थ नव्हता.

गाडी सोडून पहिल्या हंगामाचा खर्च एक लाख शहात्तर हजार. हेल्मेट, बूट, छाती-पाठीचं चिलखत, नी-गार्ड मिळून 58 हजार. पुढचं-मागचं सस्पेन्शन 26 हजार. टायरच्या तीन जोड्या 18 हजार. ऑइल, चेन, ब्रेक पॅड वगैरे 14 हजार. उरलेले 60 हजार चार रेसची एंट्री आणि प्रवास. हा हिशेब मी लिहून काढला तेव्हा बायको म्हणाली, "ह्यात एक म्हैस आली असती, आणि म्हैस पडून हाड मोडून घेत नाही."

मग आम्ही मोठ्यांच्या मागं लागलो. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना पत्रं लिहिली, एकाचं छापील उत्तर आलं. नंतर कुणीतरी सांगितलं, सीएसआर मागा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातनं समाजकामासाठी काढायचा पैसा, त्यांना तो खर्चावाच लागतो. एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्यात दोन महिने चकरा मारल्या. शेवटी तिथल्या एका बाईंनी बसवून नीट समजावलं, आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही, कारण तोवर कुणी सरळ नाही म्हटलंच नव्हतं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली खेळाच्या प्रशिक्षणाला पैसा देता येतो, पण तो असा सुट्या खेळाडूच्या खात्यात टाकत नाहीत. कंपनी स्वतः उपक्रम राबवते, नाहीतर नोंदणी केलेल्या संस्थेमार्फत देते. आणि आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप तर सीएसआरमध्ये धरताच येत नाही. "तुम्ही गाडीवर आमचं नाव लावतो म्हणताय ना, तिथंच ते बसत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं काम मार्केटिंगकडं आहे." मार्केटिंगचं ऑफिस मुंबईत होतं. तो विषय तिथं संपला.

मार्ग दाखवला तो गल्लीतल्या एका म्हाताऱ्या पैलवानानं. खासबागेत कुस्त्या मारलेला माणूस. कट्ट्यावर माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "आरं, आम्हाला काय कुणी पैशे देत हुतं व्हय? दूधवाला दूध द्यायचा, तूपवाला तूप, बदाम पेठेतनं यायचं. तुझ्या गाडीची खुराक काय ती बघ, आन् ज्याच्याकडं जे हाय ते माग."

शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून घेतलं ते 1912 साली पुरं झालं, आणि पैलवान पोसायची रीत ह्या गावाच्या हाडात आहे. मी मात्र रोख पैशाच्या मागं धावत होतो.

त्या रात्री पोरानं आणि मी गाडीची खुराक लिहून काढली. टायर, ऑइल, चेन-स्प्रॉकेट, गाडी नेणारा टेम्पो, त्याचं डिझेल, आमचं जेवण. प्रत्येकासाठी वेगळा एकच कागद. वर पोराचा गाडी हवेत असलेला फोटो, खाली मागणी, आणि त्याच्याखाली आम्ही काय देणार ते. पाठीमागं एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटर रेसिंगच्या संघटनेच्या, लायसन्सची झेरॉक्स. ही झेरॉक्स फार कामाची ठरली, कारण निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न असायचा, "पोरगं हायवेवर रेस लावतंय काय?" दुसरा प्रश्न, पडलं तर आमच्यावर येणार का? म्हणून अपघाताची जबाबदारी आमची, असं सहीनिशी लिहिलं. गाडीचा नेहमीचा विमा रेसमध्ये चालत नाही हेही सांगून टाकलं. लपवून काही फायदा नसतो, कुणीतरी विचारतंच.

टायरवाला पहिला तयार झाला. दोन जोड्या फुकट. त्याच्या नावाचे स्टिकर आम्ही टाकीच्या दोन्ही बाजूंना लावले आणि पहिल्या रेसला पुण्यात गेलो. पावसाची सर येऊन गेलेली. स्टार्ट गेट पडलं, पहिल्या वळणाला पुढच्यांच्या टायरनं जो चिखल उडवला त्यात टाकीच काय, पोरगंसुद्धा ओळखू येईना. घरी येऊन फोटो बघतो तर टायरवाल्याचं नाव एकाही फोटोत नाही. लाज वाटली. चिखलानं माखलेली गाडीच टेम्पोत घालून त्याच्या दुकानापुढं नेली, म्हटलं बघा बाबा, असं झालं. तो गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "धुऊ नका. आठ दिवस हितंच राहू दे."

आठ दिवस ती गाडी वाळलेल्या चिखलासकट दुकानाच्या दारात उभी होती. कॉलेजची पोरं थांबून फोटो काढायची, चिखलात बोट घालून बघायची. टायर किती खपले मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या रेसआधी त्याचाच फोन आला, "परत कवा चिखल व्हणार?" तेव्हापासून गाडी दुकानात उभी करणं हे आमच्या कागदावर सगळ्यात वर गेलं आणि स्टिकर खाली.

टेम्पोवाला गुळाचा. दर आठवड्याला ढेपा घेऊन पुण्याला जातो आणि बऱ्याचदा मोकळा परत येतो. मागं एका गाडीची जागा ठेवायची आणि येताना सगळं सामान आणायचं, एवढंच मागितलं. सोळा हजार वाचले. फक्त ट्रॅकवर गाडी उतरवली की सीटवर मुंगळे. तांबडा-पांढरा वाढणाऱ्या एका हॉटेलानं जर्सीच्या पाठीसाठी रोख दहा हजार दिले, माझ्या एका फाउंड्रीवाल्या गिऱ्हाइकानं पंधरा. पाच हजाराचं ऑइल एका डिस्ट्रिब्युटरकडून. एकूण 58 हजार, त्यातले रोख 25. खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याला थोडं कमी.

एक पंचवीस हजारही मिळायचे होते. एका कार्यक्रमात पोराला स्टेजवर बोलावून फेटा बांधला, माइकवर रक्कम जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या भरवशावर मी सस्पेन्शनची ऑर्डर देऊन बसलो. पैसे आजतागायत आले नाहीत. फेटासुद्धा भाड्याचा होता, रात्री परत नेला.

तिसऱ्या रेसला टेबलटॉपवर, म्हणजे वरून सपाट असलेल्या मातीच्या उंचवट्यावर, गाडी वाकडी उतरली आणि पोराच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. चौथी रेस गेली. प्लास्टर नाही, नुसती पट्टी, पण सहा आठवडे हँडल धरायचं नाही. त्या आठवड्यात मी प्रत्येकाकडं स्वतः गेलो. फोनवर सांगावं असं वाटलं नाही. हॉटेलवाल्याला म्हटलं, एका रेसचे अडीच हजार परत घ्या. तो म्हणाला, "जर्सी घालून पोराला गल्ल्यावर बसवा चार रविवार." पोरगं पट्टीतल्या हातानं बसलं. गिऱ्हाइकं विचारायची, काय झालं, आणि तो जंपची गोष्ट सांगायचा, दर रविवारी जंप थोडा उंच होत गेला.

ह्या वर्षी टायरवाला तीन जोड्या देतोय. ऑइलवाला मात्र गळला. मागच्या मडगार्डची जागा अजून मोकळी आहे. त्यासाठी त्याच हार्डवेअरवाल्या शेठशी बोलणं चाललंय. ह्या खेपेस ते पावती पुस्तक मागत नाहीत, पण त्यांना दुकानाचं नाव, पत्ता, दोन मोबाइल नंबर आणि देवीचा फोटो एवढं सगळं बसवून हवंय, आणि मडगार्ड आहे नऊ इंच.