पाटी बदलली, भाडेकरू तोच

फ्लटरमध्ये (मोबाइल ॲप बनवायचं गूगलचं फ्रेमवर्क) दुधाच्या रतिबाचं ॲप करत होतो तेव्हाची गोष्ट. दूध टाकणाऱ्याने नावापुढे किती लिटर ते टाकायचं, दूध दिलं की ओळ उडवायची, बस. एका लाइनला १५-२० घरं, म्हणून सरळ कॉलममध्ये ओळी लावल्या. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटचा फोन, अहो पहिल्या मजल्याचं दूध दुसऱ्या मजल्याच्या नावावर चढतंय!

खरंच तसं होत होतं. पहिली ओळ उडवली की नाव जायचं पण तिचा आकडा खालच्या नावापुढे येऊन बसायचा. प्रिंट टाकून पाहिलं तर डेटा बरोब्बर. कुणीतरी म्हणालं, ओळींना ‘की’ दे, म्हणजे प्रत्येकीला ओळखखूण. मी घाईत बिल्डमध्येच, म्हणजे स्क्रीन दर वेळी नव्याने बांधणाऱ्या कोडमध्ये, युनिककी (दर वेळी नवी निघणारी खूण) टाकली, तर एक अक्षर टाइप केलं की कीबोर्ड बंद! (वर एकूण लिटर दाखवायला दर अक्षराला सेटस्टेट होता ना, म्हणजे दर अक्षराला नवा बिल्ड.)

मग आमची लीड, जिला सगळे ताई म्हणतात, ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, तू कायम फ्लटरच्या वरच्या मटेरियलच्या (तयार बटणं, कार्डं) मजल्यावर, खाली विजेट्स, त्याखाली रेंडरिंग, त्याच्याही खाली सी प्लस प्लसचं इंजिन, कधी खाली उतरलायस का? आणि तिने सरळ फ्रेमवर्कचा सोर्सच उघडला. विजेट म्हणजे नुसती दारावरची पाटी, दर बिल्डला नवी लागते. खोली म्हणजे एलिमेंट, स्टेट (लक्षात ठेवलेली माहिती) तिथे राहते. मोजमाप नि रंगकाम रेंडर ऑब्जेक्टकडे. पाटी बदलताना कॅनअपडेट हे फंक्शन फक्त दोन गोष्टी बघतं, टाइप तोच का आणि ‘की’ तीच का. माझ्या सगळ्या ओळी एकाच टाइपच्या, ‘की’ कुणालाच नाही, म्हणजे पहिल्या खोलीवर दुसऱ्याची पाटी लागली, आत आकडा धरून ठेवणारा टेक्स्ट कंट्रोलर जुनाच, आणि बाहेर काढली गेली ती बिचारी शेवटची खोली! आणि युनिककीने काय केलं, तर दर बिल्डला सगळ्यांनाच घराबाहेर काढलं.

ग्राहकाच्या आयडीची व्हॅल्यूकी (न बदलणारी खूण) दिली, एक ओळ, काम झालं. इतके दिवस ते विजेट, एलिमेंट, रेंडर ऑब्जेक्ट अशा तीन ट्रीजचं चित्र मी इंटरव्ह्यूपुरतं पाठ केलेलं, खरं सांगतो.

बूट घालत होतो तेवढ्यात आठवलं, पेपरवाल्यांच्या स्क्रीनवर ‘की’ दिलीये पण इंडेक्सची (ओळीच्या क्रमांकाची), आणि ओळ उडाली की इंडेक्सही सरकतोच. परत लॅपटॉप उघडला.