हिल्डेब्रांट घराणं: १८३५ ची गणती लागली, आता १८०८

मोलोत्श्ना ही आजच्या दक्षिण युक्रेनमधली, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातली, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या जर्मनभाषी लोकांची वसाहत. हिल्डेब्रांट घराण्याच्या वंशावळीसाठी तिथली १८३५ ची गणती, म्हणजे जनगणना, वाचून झाली.

पान एकदा समजलं की काम भराभर सरकतं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पुरुषापुढे दोन वयं: मागच्या, म्हणजे १८१६ च्या गणतीतलं आणि आताचं. मधल्या काळात कुणी वारला किंवा दुसऱ्या गावी गेला, तर त्याचं साल. बायकांचं नुसतं आताचं वय. लग्न झालेली लेक माहेरच्या घरात दिसत नाही आणि सासरच्या नोंदीत माहेरचं आडनाव सहसा नसतं. म्हणून लेकींची बाजू चर्चच्या वह्यांतूनच लावावी लागते.

आडनाव 'ह'खाली शोधून थांबू नका. रशियन कारकून जर्मन 'ह'च्या जागी 'ग' लिहायचे. हिल्डेब्रांटचं गिल्देब्रांद झालं, हार्डरचं गार्देर. सूचीत 'ग' चाळला नाही तर कितीतरी घरं हातची जातात.

वह्यांमध्ये बाप्तिस्म्याची तारीख जन्माची समजू नये. मेनोनाइटांत बाप्तिस्मा मोठेपणी होतो, साधारण विशीच्या आसपास. जुन्या जर्मन हस्ताक्षरात 'एन' आणि 'ई' जुळे भाऊच. त्याच पानावरची महिन्यांची नावं शोधा आणि त्यांवरून त्या लेखकाची अक्षरं बसवा.

तारखांची भानगड वेगळीच. रशियातलं जुनं पंचांग एकोणिसाव्या शतकात १२ दिवस मागे होतं, १९०० च्या मार्चपासून १३. त्यामुळे जुना ५ मे १८८० म्हणजे नवा १७ मे. विसाव्या शतकात कॅनडाला गेलेल्यांच्या कागदांत सवयीने १३ मिळवलेले असले, तर तोच जन्म १८ मे होतो. एकाच माणसाचे दोन करून बसू नका. उलट चूकही होते: मेलेल्या मुलाचंच नाव पुढच्या मुलाला ठेवायची रीत होती, तेव्हा एका बापाचे दोन याकोब दिसले की घाईने एक करू नयेत. गावासोबत वसाहतही लिहा. ब्लूमेनोर्ट मोलोत्श्नात होतं तसं कॅनडातल्या मॅनिटोबातही.

आता १८०८ ची गणती. तिच्यात प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातलं मूळ ठिकाण मिळतं, घोडे-गाईंचे आकडेही. त्यामागे प्रशियाची १७७६ ची यादी: नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी मुलगे किती, मुली किती, नोकर किती. तिथे आडनावापेक्षा मुलांचा आकडा जुळतो का, हे आधी पाहायचं.