पाय लावू की नको

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चेसिल बीचला वाळू नाही, नुसते गोटे. एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे. अ‍ॅबट्सबरीचं सेंट कॅथरीन चॅपल, ब्रिडपोर्ट, गोल्डन कॅपचा कडा (१९१ मीटर उंच म्हणे, मला हजार वाटले), सगळं झालं, पण कुठल्या दिवशी काय ते विचारू नका.

चालत जायचं होतं डॉर्सेटमधल्या व्हिटचर्च कॅननिकोरम गावाला, तिथल्या चर्चमधल्या सेंट वाइट या संतीणबाईच्या दर्शनाला. आईला फोनवर नाव सांगितलं तर ती म्हणते, वाईट का गं?

मॉरकमलेकला पोचेपर्यंत उजव्या टाचेचा फोड फुटला होता. तिथे सेंट वाइटच्याच नावाची विहीर आहे, पाणी डोळ्यांना चांगलं म्हणतात, मी टाचेवर ओतलं. आता दोनेक किलोमीटरच, पण दोन्हीकडे उंच कुंपण, बसायला दगड नाही, आणि नवरा मॅप बघत शंभर पावलं पुढे. रामकृष्णहरी म्हणत होते पण मनात शिव्याच चालल्या होत्या. एका फाटकाशी टेकले तर आतल्या शेतकरीबाबांनी माझ्या पायाकडे बघितलं, काही न बोलता गेले आणि वासरांना दूध पाजायच्या बादलीत कोमट मीठपाणी घेऊन आले. पाय बुडवला आणि रडूच आलं. ते आपले कुंपणाकडे बघत उभे. निघताना एवढंच म्हणाले, तिच्याकडे चाललात ना, मग मधल्या भोकात घाला.

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या नवरा सुरू. या कमानी गोल म्हणजे नॉर्मन, त्या टोकदार म्हणजे नंतरच्या, खांबांवरची पानं बघ, ही कबर सर जॉन जेफ्रीची, १६११. अरे बसू दे!

तिची समाधी उत्तरेच्या बाजूला, कोपऱ्यात. तेराव्या शतकातली साधी दगडी पेटी, खाली बदामाच्या आकाराची तीन भोकं. दुखरा अवयव आत घालायचा, अशी रीत. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ मध्ये देशभरच्या अशा समाध्या फोडल्या, ही राहिली. १९०० साली तडा गेला म्हणून उघडली तर आत शिशाची पेटी, तिच्यावर लॅटिनमध्ये नाव, आणि चाळिशीच्या एका बाईची हाडं. म्हणजे माझ्याच वयाची.

भोकांत चिठ्ठ्या होत्या. एकीवर लहान मुलाच्या अक्षरात कुत्र्यासाठी काहीतरी.

पण पाय? आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतो, आणि इथे संतीणबाईच्या थेट हाडांखाली माझा घामट, चिघळलेला पाय? आधी हात घातला. मग कपाळ टेकवलं दगडाला. नवरा बाहेर गेला, १९७८ मध्ये लंडनला छत्रीतल्या विषाने मारलेल्या त्या बल्गेरियन लेखकाची, मार्कोव्हची कबर बघायला.

मोजा काढला. म्हटलं माफ कर बाई, आणि घातला. दगड इतका गार की टाच आधी झोंबली, मग कळेनाशीच झाली. किती वेळ तशी एका पायावर उभी होते देव जाणे.

"अगं, बूट कुठे सोडलेस?" दारातून आवाज आला.