काकांचा कॅम्पर घेऊन युटात नऊ दिवस

आमच्याकडे ट्रक आधी आला, हौस नंतर. २०१८ चा फोर्ड एफ-१५०, चार दारांचा, मागे साडेसहा फुटी हौदा. घेताना नवऱ्याने कारण दिलं होतं, "घरकामाला बरा पडतो." डेन्व्हरच्या उपनगरात राहून त्या हौद्यातून आजवर गेलं काय, तर पालापाचोळा, जुना सोफा आणि दरवर्षी मंडळाच्या गणपतीचं मखर. मुलगी कॉलेजला गेली, आमच्या पाठी तंबूला कंटाळल्या आणि मग ट्रकवर ठेवायच्या कॅम्परचा, म्हणजे हौद्यात बसणाऱ्या छोट्या खोलीचा, किडा डोक्यात शिरला.

पहिली चूक सर्वांची असते तीच आमची. आधी दुकानात गेलो. एका विक्रेत्याकडे पक्क्या भिंतींचा कॅम्पर पाहिला. आत शॉवर, ओव्हन, चामड्यासारख्या गाद्या. माझा जीव त्या ओव्हनवर जडला. विक्रेता म्हणाला, हाफ टन ट्रकला (आमच्यासारख्या, पिकअपच्या सर्वात हलक्या वर्गातल्या) आरामात चालतो, खूप लोक नेतात. घरी येऊन नवऱ्याने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चौकटीवरचा पिवळ्या पट्टीचा स्टिकर वाचला. माणसं आणि सामान मिळून १,६४० पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं. कॅम्परच्या माहितीपत्रकावरचं कोरडं वजनच २,३०० पौंड होतं. कोरडं म्हणजे पाणी, गॅस, बॅटरी, जादा सोयी, भांडीकुंडी आणि आपण स्वतः सोडून.

हा स्टिकर प्रत्येक ट्रकचा वेगळा असतो. तेच मॉडेल, तेच वर्ष, पण सनरूफ आणि इलेक्ट्रिक खुर्च्या असलेल्या महागड्या ट्रकचा आकडा साध्या ट्रकपेक्षा बराच कमी निघतो, कारण ती चैनही वजनच आहे. तेव्हा जाहिरातीतला "कमाल पेलोड", म्हणजे जास्तीत जास्त वाहायचं वजन, विसरा. स्टिकरवरच्या आकड्यात टाकीभर पेट्रोलची गणना कंपनीने आधीच केलेली असते, पण ड्रायव्हरची नसते. नवऱ्याला हे पटायला दोन दिवस लागले.

अशात मंडळातल्या एका काकांनी त्यांचा वापरलेला पॉप-अप कॅम्पर विकायला काढला. पॉप-अप म्हणजे छत वर उचललं जातं आणि मधल्या भिंती जाड कापडाच्या असतात. चालवताना छत खाली, रात्री वर. काकांचे गुडघे आता वरच्या बिछान्यावर चढू देत नव्हते. "आधी घेऊन जा, फिरून या, मग सांगा," म्हणाले. उसना कॅम्पर मिळाला तर कुणीही सोडू नये. मिळाला नाही तर एक आठवडा भाड्याने घ्या. चुकीचा कॅम्पर विकताना जो तोटा होतो त्यापुढे ते भाडं काहीच नाही.

सप्टेंबरच्या शेवटी निघालो. आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे ११,१५८ फुटांपर्यंत चढताना ट्रकने कुरकुर केली नाही, पण उतारावर मात्र पाठीवर कुणीतरी बसलंय असं वाटत राहिलं. लहान गिअरमध्ये उतरलो. वेल, ग्लेनवूड कॅनियन, आणि तासाभराने नवरा म्हणाला, "अगं, वजन करूया." खरं तर हे घरून निघतानाच करायचं होतं.

ग्रँड जंक्शनजवळच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा काटा आहे. मोठमोठ्या अठराचाकींच्या रांगेत आम्ही. पुढची चाकं पहिल्या पत्र्यावर, मागची दुसऱ्यावर, बटण दाबायचं, आतल्या बाईंना सांगायचं, आणि पंधराएक डॉलरमध्ये छापील चिठ्ठी मिळते. पुढचा ॲक्सल (चाकांचा आस) ३,२२० पौंड. मागचा ४,०४०. एकूण ७,२६०. आमच्या ट्रकची एकूण मर्यादा ७,००० आणि मागच्या ॲक्सलची ४,०५०. म्हणजे मागे दहा पौंडांनी वाचलो होतो आणि एकूणात २६० पौंडांनी बुडालो होतो. हलका म्हणून गाजलेला पॉप-अप, त्यावर ही गत.

तिथेच पार्किंगमध्ये हिशेब मांडला. आम्ही दोघं ३१०. कॅम्पर त्याच्या फ्रिज, हीटर, बाहेरच्या कापडी सावलीसकट बाराशेच्या घरात. पाण्याची टाकी २० गॅलनची, आणि एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड, म्हणजे नुसतं पाणीच १६७. उरलेलं माझं स्वयंपाकघर, त्याच्या खुर्च्या, सरपणाच्या दोन मोळ्या. १५ गॅलन पाणी सोडून दिलं, मोळ्या शेजारच्या आरव्हीवाल्या आजोबांना दिल्या. तरी ८५ पौंड जास्तच राहिलं आणि ते आम्ही तसंच वागवलं. हे कौतुकाने सांगत नाहीये. कुणी म्हणेल एअर बॅग बसवा. त्या बसवल्यावर ट्रकची बूड टेकत नाही, दिवे आभाळाकडे जात नाहीत, हे खरं. पण स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. जाड, जास्त वजन पेलणारे ई-रेंजचे टायरही चांगलेच, पण गोष्ट तीच.

सिस्कोवरून १२८ नंबरच्या रस्त्याने मोआबला उतरलो. एका बाजूला कोलोरॅडो नदी, दुसरीकडे लाल कडे. नदीकाठच्या बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या) कॅम्पग्राउंडांवर आधी येईल त्याला जागा असा नियम आहे. दुपारी दोनच्या आत पोचा. पहिल्याच रात्री वारा सुटला. कापडी भिंती अशा फडफडायला लागल्या की जणू लग्नाचा मांडव उडून चाललाय. ट्रकचं नाक वाऱ्याकडे करायचं असतं हे काकांनी सांगितलं होतं. आम्ही नदीचा देखावा दिसावा म्हणून आडवा लावलेला. रात्री एक वाजता छत खाली घेतलं आणि खालच्या बाकावर अंग मुडपून झोपलो. छत खाली असतानाही एकाला तरी झोपता यावं, डबा गरम करता यावा, फ्रिजपर्यंत हात पोचावा, हे विकत घेण्याआधी नक्की बघा. आणि छत स्वतः उचलून बघा. वर सोलर पॅनल आणि कॅरिअर असलं तर ते डोक्याने आणि खांद्याने ढकलावं लागतं.

मोआबच्या आसपास मोकळ्या जागी राहायचं तर बऱ्याच ठिकाणी स्वतःचा शौचकूप बरोबर ठेवणं आणि मैला परत नेणं बंधनकारक आहे. आम्ही छोटा पोर्टेबल पॉटी नेला होता. त्याबद्दल एवढंच की रात्री वरच्या बिछान्यावरून उतरून तिथवर जायचा सराव दुकानातच करा. थट्टा नाही. दोघांनी वर आडवं व्हा, दहा मिनिटं पडून राहा, आणि मग भिंतीकडच्या माणसाने उठून खाली उतरून दाखवावं. काकांच्या कॅम्परमध्ये बिछाना आडवा होता, त्यामुळे रोज रात्री मी नवऱ्याला तुडवत होते. लांबीच्या दिशेने झोपता येतं तिथे ही भानगड नाही.

मोआबहून ग्रीन रिव्हर, मग २४ नंबरने हँक्सव्हिलच्या दिशेला. गॉब्लिन व्हॅलीजवळ एका मातीच्या रस्त्यावर आठ मैल आत गेलो, सगळा पन्हाळी पत्र्यासारखा. मुक्कामाला उतरल्यावर मी सहज कडेने चालत गेले तर ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा टर्नबकल साखळीसकट लोंबत होता. कॅम्पर ट्रकला धरून ठेवणारे असे चारच असतात. त्याची नट-चकती धक्क्यांनी फिरत फिरत सैल झाली होती आणि कॅम्पर उजवीकडे दोन बोटं सरकला होता. हौद्याच्या रंगावर खरवडल्याची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. नवरा पान्याऐवजी झाऱ्याची दांडी घालून ते पिळत बसला. काकांनी खाली जाड रबरी मॅट टाकली होती म्हणून दोन बोटांवर भागलं. हौद्यात गुळगुळीत प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर ते काढा, मॅट टाका. पहिल्या २०-२५ मैलांनंतर थांबून चारही टर्नबकल पाहा, मग दर पेट्रोल पंपावर. आणि ते हौद्याच्या पत्र्याला अडकवलेत की ट्रकच्या चॅसीला, हे विचारा. जड कॅम्परला चॅसीच.

वापरलेला कॅम्पर बघताना आणखी एक गोष्ट: त्याच्या कुशीवर गुरुत्वमध्याची खूण असते. कॅम्पर बसवल्यावर ती मागच्या ॲक्सलच्या पुढे यायला हवी. आखूड हौद्यावर लांब कॅम्पर चढवला की ती मागे जाते, पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग हातात असूनही ट्रक आपलं ऐकत नाही. साडेपाच फुटी हौदेवाल्यांनी हे आधी बघावं, रंग नंतर.

कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानात फ्रूटाच्या कॅम्पग्राउंडवर दोन रात्री काढल्या. मॉर्मन वसाहतींनी १८८० च्या दशकापासून लावलेल्या बागा अजून आहेत. सफरचंदं झाडावरून आपल्या हातांनी तोडायची, वजन करायचं, पैसे पेटीत टाकायचे. तिथल्या गिफर्ड हाउस या जुन्या घरातल्या दुकानात फळांचा पाय (pie) मिळतो, तो संपायच्या आत घ्यायला सकाळीच जा. इथेच मी पहिल्यांदा कॅम्परच्या आत पिठल्याची फोडणी दिली. मोहरी तडतडली, मिरची पडली आणि धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारचे कुत्रे जागे झाले. त्याहून वाईट म्हणजे हिंगाचा वास वरच्या गादीत आणि कापडी भिंतींत जाऊन बसला तो घरी येईपर्यंत. आपल्या लोकांनी कॅम्पर निवडताना आतल्या शेगडीपेक्षा बाहेर शेगडी जोडायची गॅसची नळी आहे का ते विचारावं. तेव्हापासून फोडणी बाहेर, टेलगेटवर, म्हणजे हौद्याच्या मागच्या फळीवर. प्रेशर कुकर मात्र न्याच. पुढचा मुक्काम ब्राइस कॅनियन ८,००० फुटांवर आहे, पाणी ९२ अंशांना उकळतं, आणि नुसत्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघत सूर्य मावळतो.

१२ नंबरचा रस्ता, बोल्डर माउंटनवरची पिवळी पडलेली ॲस्पेन, हॉगबॅकवरची ती दोन्हीकडे दरी असलेली धार, यांवर लिहिणारे खूप आहेत. मी फक्त सांगते की धारेवर वारा होता आणि कमी उंचीचा कॅम्पर असल्याचा तिथे मनापासून आनंद झाला.

ब्राइसला रात्री पाणी गोठायच्या आसपास थंडी. हीटर लावून झोपलो, सगळ्या खिडक्यांचे पडदे नीट बंद करून. पहाटे चारला माझ्या कपाळावर टप्. मग नाकावर टप्. आमच्याच श्वासाची वाफ छताच्या ॲल्युमिनियमच्या कांबीवर जमून ठिबकत होती. पांघरूण ओलं, गादीची खालची बाजूही ओली. आणि पाच वाजता हीटर बंद, कारण त्याच्या पंख्याने बॅटरी संपवली. गॅस होता, वीज नव्हती. दुसऱ्या रात्री छताची खिडकी दोन इंच उघडी ठेवली, गादीखाली जाळीदार चटई म्हणून योगा मॅट टाकली (तिचा फारसा उपयोग झाला नाही), आणि हीटर लहान ठेवला. बराच फरक पडला. बॅटरी साधी असेल तर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मीच वापरायची. लिथियमची असेल तर शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून ती आतल्या उबेत आहे का, हे विचारा. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवरची मुदतीची तारीख वाचा. काकांच्या अलार्मची उलटून गेली होती. नवा आम्ही मोआबमध्येच घेतला होता.

परतीला ८९ वरून वर येऊन आय-७० धरला. सलाइनापासून ग्रीन रिव्हरपर्यंत शंभरावर मैल एकही पंप नाही, आणि कॅम्परमुळे आमचं ॲव्हरेज १९ वरून १५ वर आलं होतं. सलाइनाला टाकी भरा.

निर्णय गाडीतच झाला. कॅम्पर आवडला, पण आमच्या ट्रकला तो नको. एकतर ट्रक थ्री-क्वार्टर टनचा (वरच्या वर्गातला, जास्त वजन पेलणारा) घ्यायचा, नाहीतर कॅम्पर निम्म्या वजनाचा. ट्रकचं कर्ज आत्ताच फिटलंय. तेव्हा आता आम्ही नुसत्या छताचे, आत कपाटं-शेगडी काहीही नसलेले पॉप-अप बघतोय. ते साधारण तीनशे ते सहाशे पौंडांत येतात. ओव्हनचं मी मनातून काढून टाकलंय. जवळजवळ.

काकांना फोन केला तर ते हसलेच. "माझा ट्रक वन टन होता गं, मी कधी काट्यावर चढवलाच नाही. तुम्ही भावात घासाघीस कराल असं वाटलं होतं, तुम्ही वजनात केलीत." शनिवारी कॅम्पर परत द्यायला गेलो. चारही जॅक टेकवले, पुढचं टोक जरा उंच ठेवलं, टर्नबकल सोडले, मी मागे उभी राहून हात दाखवत होते, नवरा ट्रक हळूहळू पुढे काढत होता. ट्रकमधून कॅम्परला वीज देणारी वायर काढायची राहिली होती. ती ताणली, ताणली आणि टक्कन तुटली. तिचा नवा प्लग आम्ही पुढच्या रविवारी काकांच्या ड्राइव्हवेवर बसून बसवून दिला.