तिसऱ्या सिलिंडरचा दाब

खानापूरचे एक टॅक्सीचालक आपली सीएनजीवर चालणारी गाडी घेऊन बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या गॅरेजात आले, तेव्हा तिचा ऑक्सिजन सेन्सर, चारही प्लग आणि एक इग्निशन कॉइल दुसरीकडे बदलून झालेली होती, तरी दोष होता तसाच होता. सकाळी गाडी उत्तम चालते, मात्र गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढून कणकुंबीला थांबवली की आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना, थरथरते, मिसिंग मारते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो, असे त्यांनी सांगितले. "सेन्सरच परत गेला असणार की वो," असा त्यांचा तर्क होता.

स्कॅनरने दोन कोड दाखवले: तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर, म्हणजे त्यात इंधन नीट न पेटणे, आणि मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, असल्याची तक्रार. या दुसऱ्या कोडमुळेच ऑक्सिजन सेन्सर बदलला गेला असावा. परंतु हा सेन्सर इंधन मोजत नाही. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला आहे एवढेच तो सांगतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलनच झाले नाही, तर तिथली हवा न वापरता एक्झॉस्टमध्ये येते, सेन्सर ऑक्सिजन जास्त असल्याचे खरेच कळवतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन कमी पडते आहे असे समजून चारही सिलिंडरांना जादा इंधन सोडू लागतो.

इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर मी इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून तपासला, तेव्हा त्याने 92 किलोपास्कल दाखवले. समुद्रसपाटीला हा आकडा 101 च्या आसपास असतो, त्यामुळे 92 पाहून सेन्सर सदोष ठरवण्याची घाई होऊ शकते. पण बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने इथे तोच आकडा बरोबर आहे. इंजिन तापल्यावर आयडलला मात्र दाब 45 च्या आसपास डळमळत होता. निरोगी इंजिनात तो 30 ते 40 असतो आणि स्थिर असतो. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, तरी मिसफायर तिसऱ्यातच राहिले. आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते, पाहणे भाग होते.

सर्व प्लग काढून, इंधन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून थंड इंजिनावर मोजले, तर चारही सिलिंडर 160 ते 165 पीएसआय देत होते. इथेच थांबलो असतो, तर कॉम्प्रेशन ठीक आहे असा शेरा मारून पुन्हा इंजेक्टर आणि वायरिंगकडे वळलो असतो. चालकांचे म्हणणे मात्र घाट चढून आल्यानंतरच्या त्रासाचे होते, म्हणून गाडी जांबोटीच्या रस्त्याने भरपूर पळवून आणली आणि गरम इंजिनावर पुन्हा मोजले. तीन सिलिंडर जवळपास पूर्वीइतकेच होते; तिसरा 90 वर आला होता.

त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडले, तरी दाब वाढला नाही, म्हणजे रिंग शाबूत होत्या. मग पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा दिली. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, थ्रॉटलमधून आवाज नव्हता. सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेताच हवेचा फुसकारा स्पष्ट ऐकू आला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत होता.

इंजिन थंड झाल्यावर टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट, मोजायला घेतली, तर त्या व्हॉल्व्हवर सर्वांत पातळ फिलर गेजही (फट मोजायची पत्रीही) शिरेना. सीएनजी कोरडा वायू आहे. व्हॉल्व्ह सीटवर इंधनाचा ओलावा राहत नाही, सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो आणि गॅप संपते. थंड असताना तो जेमतेम बसतो, पण घाटात तापून त्याची दांडी लांबली की पूर्ण मिटत नाही.

नुसती गॅप वाढवूनही गाडी काही काळ चालली असती, पण गळत्या व्हॉल्व्हची कड जळते, म्हणून मी हेड उतरवण्याचा आग्रह धरला. कड खरोखरच जळू लागली होती. उद्यमबागेतच एका मशीन शॉपमध्ये कठीण धातूची नवी सीट बसवून घेतली, व्हॉल्व्ह बदलून लॅपिंग केले, म्हणजे तो सीटवर घासून नीट बसवला, आणि सर्व टॅपेट नव्याने सेट केले. इतर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गॅपही कमी झालेल्या आढळल्या होत्या. त्यामुळे आठही गॅपचे आकडे किलोमीटरसह एका चिठ्ठीवर लिहून चालकांना दिले आणि यापुढे गाडी कुठेही सर्व्हिसिंगला गेली, तरी दिवा लागण्याची वाट न पाहता त्या आकड्यांशी गॅप ताडून घ्यायला सांगितले.